वीज वाचवणाऱ्या घरांत हवेलाही वाट हवी : सदनिकाधारकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका
मा. महासंचालक, महाऊर्जा
मा. अध्यक्ष, महारेरा
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, छत्रपती संभाजीनगर

विषय : ऊर्जाबचतीच्या नावाने बंदिस्त होत चाललेल्या घरांतील हवा आणि रहिवाशांचे आरोग्य.

महोदय,

आपल्या शहरातली घरे बदलली आहेत. बीड बायपास, सातारा-देवळाई, कांचनवाडी, हर्सूल, मिटमिटा या बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारतींत भिंती एएसी ब्लॉकच्या किंवा साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. खिडक्या यूपीव्हीसीच्या, रबराची पट्टी लावून घट्ट बसवलेल्या. बाल्कनी ताबा मिळाल्यावर काही महिन्यांतच काचेने बंद होते. बेडरूममध्ये स्प्लिट एसीचा पॉइंट आधीच काढून ठेवलेला असतो. बाहेरची उष्णता आत येऊ नये आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी हे सगळे चालते. वीज वाचावी असे आम्हालाही मनापासून वाटते, बिल आम्हीच भरतो. पण उष्णतेला अडवताना हवाही अडते, आणि ती कुठून येणार व कुठून जाणार हे या घरांच्या एकाही नकाशावर लिहिलेले नसते. हे मागणीपत्र त्यासाठी आहे.

आधी इथली परिस्थिती सांगतो, कारण ती पुण्या-मुंबईसारखी नाही. मराठवाड्याचा उन्हाळा वर्षानुवर्षे कूलरवर निघाला. कूलर खिडकीत बसतो, बाहेरची हवा ओल्या पॅडमधून आत ढकलतो, आणि ती हवा पुढे निघून जावी म्हणून समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच लागते. ती बंद केली की खोली दमट होते आणि गारवा लागत नाही. म्हणजे कूलर चालू असेपर्यंत घरात ताजी हवा आपोआप खेळत असे. पण कूलरला पाणी लागते, आणि जायकवाडीचे पाणी आमच्या नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने येते. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा तिची किंमत १,६८० कोटी रुपये होती, पुढे ती २,७४० कोटींवर गेली. या सगळ्या काळात एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या बाईसमोर रोजचा प्रश्न हाच राहिला : बादलीभर पाणी कूलरमध्ये ओतायचे की स्वयंपाकासाठी झाकून ठेवायचे? ज्यांना परवडले त्यांनी कर्ज काढून एसी घेतला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची हवा तो आत आणत नाही. खरेदी करताना हे दुकानात कुणी सांगत नाही.

त्याच पाणीटंचाईची दुसरी बाजू डासांची आहे. नळाचा भरवसा नाही म्हणून घरोघरी ड्रम, पिंपे आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या असतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. मग दिवेलागणीला खिडक्या लागतात आणि पलंगाखाली कॉइल पेटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मोजून दाखवले की एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण सोडते, आणि त्यातल्या एका प्रकारच्या कॉइलमधून ५१ सिगारेटींइतके फॉर्मल्डिहाइड बाहेर पडले. उघड्या ओट्यावर तो धूर विरतो. रबरी पट्टीच्या खिडक्या लावलेल्या खोलीत तो रात्रभर लहान मुलाच्या नाकाशी राहतो. आमच्या सभासदांच्या घरांत सकाळी डोके जड होणे, कोरडा खोकला, डोळे चुरचुरणे, मुलांची छाती भरणे या तक्रारी सतत ऐकू येतात. यातली प्रत्येक तक्रार हवेमुळेच आहे असा आमचा दावा नाही. पण घरातली हवा कुणी मोजतच नसेल तर ती कारण आहे की नाही हे कळणार तरी कसे?

एक हिशेब आम्ही मांडला आहे, आपल्या अभियंत्यांनी तो तपासून पाहावा. दहा बाय अकरा फुटांची, दहा फूट उंचीची बेडरूम म्हणजे सुमारे ३१ घनमीटर हवा. झोपलेला प्रौढ माणूस तासाला अंदाजे १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, लहान मूल त्याहून कमी. आई, वडील आणि एक मूल मिळून तासाला ३० ते ३५ लिटर धरू. खोली पूर्ण बंद असेल तर तिथले प्रमाण दर तासाला दशलक्षात सुमारे हजार भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. कुठलीच खोली पूर्ण बंद नसते हे खरे. तरी दारा-खिडक्यांच्या फटींतून तासाला एक तृतीयांश हवा बदलते असे मानले, तर पहाटेपर्यंत हा आकडा तीन हजारांच्या वर जातो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवले होते की राहत्या खोलीत तो हजाराच्या खाली असावा. तीन हजारांवर माणूस मरत नाही. पण कुटुंबाने सोडलेलाच श्वास कुटुंब पुन्हा आत घेत आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते. त्या घरात कुणाला क्षयरोग किंवा फ्लू असेल तर त्याचे जंतूही त्याच हवेत तरंगत राहतात. जगातले क्षयरोगाचे चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण भारतात आहेत, हे इथे आठवावे.

यावर ठरलेले उत्तर येते : बाहेरची हवा आत घेतली तर एसीचे बिल वाढेल. आमच्या शहरापुरते हे उत्तर टिकत नाही. आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर राहतो. मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या पुढे जातो, पण रात्री उशिरा तो साधारण २५ अंशांपर्यंत उतरतो. जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला नवा एसी मुळातच २४ अंशांवर लावलेला येतो. म्हणजे माणसे झोपलेली असतात त्या वेळी बाहेरची हवा आणि एसीने केलेली हवा यांच्यात दोन-चार अंशांचाच फरक राहतो. तीन माणसांना पुरेल एवढी हवा, माणशी तासाला साधारण २० घनमीटर, रात्री आत घ्यायला एसीला लागणारी जादा वीज एका लहान एलईडी दिव्याइतकी आहे. भर दुपारी ती जास्त लागेल, पण तेव्हाही एका पंख्याच्या आसपासच. वीज की श्वास, अशी निवड या शहराला करावी लागत नाही. घरे बांधताना तेवढा विचार केला गेला नाही, हे खरे कारण आहे.

हा विचार या शहरात एके काळी होत असे. पाणचक्कीच्या हौदाखालचे दालन पाहा. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे, त्यामुळे ते उन्हाळ्यातही गार राहते, आणि यात्रेकरू तिथे मोकळ्या हवेत विसावत. जुन्या शहरातल्या वाड्यांना जाड भिंती होत्या, चुन्याचा गिलावा होता, मधोमध चौक होता, आणि तापलेली हवा वर निघून जायला वाट होती. उष्णता अडवायची आणि हवा सोडायची, ही दोन्ही कामे एकाच बांधकामात झालेली होती. उलटी चूक जगाने १९७३ च्या तेलसंकटानंतर केली. युरोप-अमेरिकेत इंधन वाचवण्यासाठी इमारती फटी बुजवून बंद केल्या गेल्या, आणि दहा वर्षांत, १९८३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेला इमारतीमुळे येणाऱ्या आजारपणाची स्वतंत्र दखल घ्यावी लागली. जपानने नव्या घरांतल्या फॉर्मल्डिहाइडमुळे लोक आजारी पडताना पाहिले आणि २००३ मध्ये कायदाच बदलला. तिथे नव्या घरात दर तासाला निम्मी हवा बदलेल अशी यांत्रिक व्यवस्था सक्तीची झाली आणि प्लायवूड-बोर्डांच्या वापरावर मर्यादा आल्या. पन्नास वर्षांपूर्वीची ती चूक आज बीड बायपासवर पुन्हा करण्याचे काही कारण नाही.

आता मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी नगररचना विभागाकडे आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त उष्ण-कोरड्या हवामानासाठी स्पष्ट आकडा आहे : सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या किमान १० टक्के इतके उघडणारे क्षेत्र हवे. उघडणारे म्हणजे प्रत्यक्ष उघडणारे. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणून संहिता तिचे निम्मेच क्षेत्र मोजते. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी ९० टक्के मोजली जाते. ६० चौरस मीटरच्या सदनिकेला ६ चौरस मीटर उघडे क्षेत्र लागेल, म्हणजे सगळ्या खिडक्या स्लायडिंगच्या असतील तर एकूण १२ चौरस मीटर खिडक्या हव्यात. आज बाजारात जवळपास सगळ्या खिडक्या स्लायडिंगच्याच बसतात आणि नकाशावर चौकटीचे पूर्ण माप लिहून काम भागते. म्हणून प्रत्येक नकाशात 'हवेचा मार्ग' हा वेगळा तक्ता असावा. प्रत्येक खोलीत हवा कुठून येईल, कुठून जाईल, आणि प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र किती, हे त्यात लिहिलेले असावे. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी जागेवर जाऊन टेपने ते मोजावे. संहितेच्या हिशेबात उघड्या बाल्कनीत उघडणारे दारही धरले जाते. ती बाल्कनी पुढे काचेने बंद झाली की तो हिशेब कोसळतो. त्यामुळे बाल्कनी बंद करण्याकडे पालिकेने केवळ बेकायदा वाढीव बांधकाम म्हणून पाहू नये, आतल्या खोलीचा श्वास तोडणारा बदल म्हणून पाहावे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा कायद्याने १०० किलोवॅट जोडभाराच्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणता येतात, आणि ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याकडे आहे. तो अधिकार वापरावा, असा प्रस्ताव महाऊर्जाने राज्य सरकारकडे पाठवावा.

त्याला जोडूनच हरित इमारतींच्या सवलतीचा प्रश्न येतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो. हा जनतेच्या नावाने दिलेला लाभ आहे. त्याबदल्यात जनतेला निरोगी घर मिळाले की नाही, हे रहिवासी राहायला गेल्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर तपासले जावे : निवडक सदनिकांत रात्रभर कार्बन डायऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण, फॉर्मल्डिहाइड आणि भिंतींतली ओल यांची मोजणी करून. तो अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर असावा, म्हणजे पुढचा ग्राहक तो वाचूनच पैसे देईल. २०१६ च्या रेरा कायद्यातील कलम १४(३) प्रमाणे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे विकासकावर असते. खिडकी उघडत नाही, डक्टमधून हवा निघत नाही, भिंत ओली राहून बुरशी धरते, हेही त्याच कलमाखालचे दोष आहेत, असे महारेराने परिपत्रकाने स्पष्ट करावे. बुरशीला हलके घेऊ नका. इंग्लंडमधील रॉचडेल येथे दोन वर्षांच्या एका मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला, तो घरातल्या बुरशीमुळेच झाला असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या चौकशीत निघाला, आणि त्यानंतर तिथे घरमालकांवर मुदतीत दुरुस्तीची सक्ती करणारा कायदा झाला.

गॅस गिझरबाबत आम्ही वाट पाहायला तयार नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर पेटला की आधी तिथला प्राणवायू संपत जातो, ज्योत अपुरी जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारा माणूस खाली कोसळतो तेव्हा दार आतून लावलेले असते. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून अशा मृत्यूची बातमी येते. पालिकेने आदेश काढावा : गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, आणि ते शक्य नसेल तर त्याचा धूर पाइपने थेट इमारतीबाहेर जावा. डक्टमध्ये सोडलेला धूर चालणार नाही, कारण त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. स्वयंपाकघरासाठीही असाच नियम हवा. हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारी चिमणी आज सर्रास विकली जाते. ती तेल धरते, वास थोडा कमी करते, पण ज्योतीतून निघालेला नायट्रोजन डायऑक्साइड घरातच ठेवते. ठेच्याच्या मिरच्या भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो, तेव्हा धूर बाहेर जात नाही हे निदान कळते. रोजच्या भाकरीच्या वेळी ते कळतही नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन आणि त्यासाठी बाहेरच्या भिंतीत छिद्र, हे भोगवट्याच्या अटींत यावे.

एसीचा पॉइंट असलेल्या प्रत्येक बेडरूमच्या भिंतीत जाळी आणि धुण्याजोगा फिल्टर असलेला, हाताने उघड-बंद करता येणारा लहान झरोका द्यावा. जपान-कोरियात यासाठी यंत्रे आहेत, आपल्याकडच्या रात्रींना एक झरोका आणि छोटा पंखा पुरेल. खिडक्यांना डासांची जाळी विकासकानेच बसवून द्यावी, कारण जाळी नसलेली खिडकी या शहरात सूर्यास्तानंतर उघडी राहत नाही.

फर्निचर आणि रंगांबद्दल थोडक्यात. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांतल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटते, आणि उष्णता वाढली की अधिक सुटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. विकासक 'फर्निश्ड' म्हणून विकत असलेल्या घरांत कुठल्या दर्जाचा बोर्ड वापरला, हे करारात लिहिलेले असावे, आणि ताबा देण्यापूर्वी घर काही आठवडे मोकळे, हवेशीर ठेवले जावे.

खिडकी उघडायची म्हटले तर बाहेरची हवा तरी घेण्याजोगी हवी. आपले शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत २०१९ पासून आहे. भारतीय मानकाप्रमाणे सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सांगितले. घरातल्या हवेसाठी तर कायद्यात आकडाच नाही. २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध गावकरी उभे राहिले, तेव्हा शहरभर कचरा साठला आणि ठिकठिकाणी तो पेटवला गेला, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. आजही मोकळ्या भूखंडांवर संध्याकाळी कचरा जळतो. शुद्ध हवा कार्यक्रमाच्या निधीतून रस्ते झाडण्याच्या गाड्या येतात, त्या येऊ द्या. पण त्यातूनच सिडको, सातारा-देवळाई आणि जुने शहर यांतल्या वसाहतींत हवा मोजणारी केंद्रे लावावीत. चौकातल्या एका यंत्राचा आकडा गल्लीतल्या घराला लागू पडत नाही.

गुंठेवारी वसाहतींचा आणि पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांचा प्रश्न आमच्यापेक्षा बिकट आहे. गुंठेवारीत तिन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत आणि समोर एकच दार असलेली घरे पुष्कळ आहेत. आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांचे घर ३० चौरस मीटरपर्यंतचेच असे, आणि एवढ्या जागेत चार-पाच माणसे झोपतात. नियमितीकरणाचे शुल्क घेताना पालिकेने अशा घरांना छतातून हवा काढणारा झरोका आणि पांढऱ्या परावर्तक रंगाचे छत यांसाठी साहाय्य द्यावे. त्या रंगाने वीज वाचते आणि हवेची वाटही बंद होत नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयाने आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळून शहरातल्या सर्व प्रकारच्या घरांतली हवा तिन्ही ऋतूंत मोजावी आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत, अशी विनंती पालिकेने त्यांना करावी. त्यासाठी आमची घरे आम्ही उघडी करून देऊ. दम्याच्या आणि क्षयरोगाच्या रुग्णाला त्याच्या झोपण्याच्या खोलीला खिडकी आहे का, कॉइल जळते का, गिझर कुठे आहे, हे तीन प्रश्न पालिकेच्या आरोग्य केंद्रांत विचारले जावेत.

आमच्याकडून आम्ही एवढे करू. आमच्या सभासद संस्थांच्या सर्वसाधारण सभांत बाल्कनी बंद करण्यास नवी परवानगी न देण्याचा ठराव मांडू. पालापाचोळा जाळणे बंद करू. गॅस गिझरची यादी करून ज्यांचे गिझर बंद न्हाणीघरात आहेत त्यांच्या दारात जाऊन सांगू.

यातल्या काही मागण्यांना नियमावलीत बदल लागेल, काहींना पैसा लागेल, आणि त्याला वेळ जाईल हे आम्ही समजतो. गॅस गिझरच्या आदेशाला मात्र दोन्ही लागत नाहीत, आयुक्तांची एक सही लागते. तो आदेश या हिवाळ्याआधी निघावा, आणि उरलेल्या मागण्यांवर नगररचना, आरोग्य व पाणीपुरवठा हे तिन्ही विभाग एकत्र बसवून संघटनेच्या प्रतिनिधींबरोबर बैठक बोलवावी, ही आग्रहाची विनंती.

आपले,
छत्रपती संभाजीनगर शहरातील सदनिकाधारक आणि गृहनिर्माण संस्थांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद